वाटसरूस कोणती खानावळ सांगावी?



परगावचा मनुष्य एखाद्या शहरात उतरला म्हणजे त्याच्या मुखातून दोन प्रश्न प्रथम बाहेर पडतात. राहावे कोठे, हा पहिला. आणि जेवावे कोठे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणे फारसे अवघड नसते, कारण निजण्याच्या जागेकडून मनुष्य स्वच्छता आणि शांतता यांपलीकडे विशेष काही मागत नाही. दुसऱ्याचे तसे नाही. त्यात विचारणाराची जीभ, प्रकृती, उपासतापास, खिसा आणि हाताशी असलेला वेळ इतक्या गोष्टी गुंतलेल्या असतात. उत्तर देणारा मात्र यांपैकी एकीचीही चौकशी बहुधा करीत नाही. स्वतःस जे रुचते त्याचे नाव तो सांगतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानून चालू लागतो.

विषय दिसावयास क्षुल्लक आहे, परंतु त्याचा परिणाम क्षुल्लक नाही. गावचा रहिवासी आज एका ठिकाणी फसला तर उद्या दुसरीकडे जाईल. वाटसरूस त्या गावात उद्या नसतो. त्याच्या वाट्यास बहुधा एकच जेवण येते आणि त्या एका ताटावरून तो गावाची परीक्षा करतो. देवळाची शिल्पे आणि राजवाड्याचे दिवाणखाने चार वर्षांनी विसरले जातात. परक्या गावी भुकेल्या वेळी मिळालेले ऊन जेवण, अथवा मिळालेली अवहेलना, मात्र जन्मभर स्मरणात राहते. म्हणून जेवणाचे ठिकाण सांगणे हे गावच्या अब्रूचे काम आहे, आणि ते थोड्या विचाराने केले पाहिजे.

या विचारासाठी कोल्हापूरचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. मुंबईहून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापुरास पोहोचते आणि तेथेच थांबते. मिरजेहून १८९१ साली आलेला लोहमार्ग कोल्हापूरच्या पुढे अद्याप गेलेला नाही. पुढचा सर्व प्रवास मोटारीने करावयाचा. पुणे-बंगळूर हमरस्ता शहराच्या कडेने जातो. पश्चिमेस गगनबावड्यावरून कोकणात उतरता येते, दक्षिणेस आजरा आणि आंबोलीवरून सावंतवाडी व गोवा गाठता येतो, पूर्वेस नरसोबाची वाडी आहे, आणि वायव्येस जोतिबाचा डोंगर व पन्हाळगड आहेत. यामुळे अंबाबाईच्या दर्शनास आलेले यात्रेकरू, गोव्याकडे निघालेली तरुण मंडळी, गुळाचे आणि चामड्याच्या चपलांचे व्यापारी, विद्यापीठात परीक्षेस आलेले विद्यार्थी, आणि रुग्णालयात पडलेल्या नातलगाच्या चिंतेने आलेले खेडूत, हे सर्वजण एकाच सकाळी एकाच चौकात उभे असलेले दिसतात. त्या सर्वांस एकच खानावळ सांगणारा मनुष्य त्यांपैकी चौघांस तरी चुकीचे उत्तर देतो.

कोल्हापूरकर आतिथ्यात कमी पडणारा नाही. ‘पाव्हणं, जेवलासा का?’ हा त्याचा नेहमीचा प्रश्न आहे आणि तो मनापासून विचारलेला असतो. त्याचा दोष असलाच तर निराळा आहे. पाहुण्यास कोल्हापूरचे सर्वांत झणझणीत तेच खाऊ घालावे आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून समाधान पावावे, अशी एक खोड त्या मातीत आहे. तिखटाची ही ख्याती आता गावाच्या बाहेरही इतकी पसरली आहे की, देशातील कोणत्याही शहरातील हॉटेलात लालभडक तर्रीत बुडविलेली मिश्र भाजी ‘व्हेज कोल्हापुरी’ या नावाने मिळते. कोल्हापूरच्या घरांतून ती भाजी शिजत नाही. ती हॉटेलांच्या भटारखान्यात जन्मली आणि तेथेच वाढली.

कोल्हापुरी रांधण्याचा प्राण म्हणजे कांदालसूण मसाला. घरोघरी त्यास नुसते ‘चटणी’ असेच म्हणतात. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून ठेवण्याची चाल अद्याप टिकून आहे. मिरच्या वाळवावयाच्या, सुके खोबरे, तीळ, धणे, जिरे, खसखस आणि खडा मसाला वेगवेगळा भाजावयाचा, कांदा व लसूण यांची त्यात भर घालावयाची, आणि मग ते सर्व डंकावर कुटून आणावयाचे. मिरचीतही निवड असते. ब्याडगी मिरची रंग देते, पण तिच्यात तिखटपणा बेताचा असतो. संकेश्वरी मिरची जिभेस झोंबते. रस्सा लाल दिसतो म्हणून तो तिखटच असेल असे समजणे यामुळेच बरोबर नाही. चांगल्या चटणीत तिखटापेक्षा भाजलेल्या खोबऱ्याची आणि लसणीची चव पुढे येते. जेथे मिरचीखेरीज दुसरी चवच लागत नाही, तेथे बहुधा मसाल्याची काटकसर झालेली असते.

आता प्रवाशाच्या वेळेप्रमाणे विचार करू. सकाळच्या गाडीने उतरून दर्शनास जाणाऱ्यास, किंवा दर्शन आटोपून बाहेर पडलेल्यास, न्याहारी हवी असते. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण अंबाबाईच्या बाबतीतही पाळणारे पुष्कळ आहेत. त्यांस मिसळ सांगावी. मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण व शेव, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि निराळ्या भांड्यात ‘कट’. मसाला तेलात परतून केलेला हा पातळ रस्सा, आणि त्यावर तरंगणारे लाल तेल ती तर्री. पुण्यामुंबईकडे मिसळीबरोबर पाव येतो. कोल्हापुरात पुष्कळ ठिकाणी चौकोनी पावाचे जाड काप येतात आणि ते कट चांगला शोषून घेतात. उद्यमनगरातील फडतरे आणि कसबा बावड्यातील बावडा मिसळ ही नावे लोकांच्या तोंडी आहेत, आणि खासबागेच्या बाजूसही मिसळीची जुनी दुकाने आहेत. पाहुण्यास एवढेच सांगावे की, कट प्रथम थोडा घ्यावा, मग बेताबेताने वाढवावा. आणि बरोबर लहान मूल असेल तर त्याच्यासाठी दही मागवून घ्यावे. नामांकित ठिकाणी सुट्टीच्या दिवशी तासभर तिष्ठावे लागते. ज्याची गाडी तासाभराने सुटणार आहे त्यास ते नाव सांगणे म्हणजे त्यास उपाशी पाठविणे होय. त्यापेक्षा जवळच्या साध्या दुकानातील मिसळ बरी.

दुपारच्या जेवणाचा विचार करताना मांसाहारी आणि शाकाहारी असे दोन भाग पडतात. मांसाहारी पाहुण्यास तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे ताट सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. हे दोन्ही रस्से एकाच मुळापासून निघतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मटण हळद, मीठ व आलेलसूण घालून शिजविले म्हणजे जे पाणी उरते त्यास ‘अळणी’ म्हणतात. त्यात मिरचीचा लाल मसाला पडलेला नसतो. या अळणी पाण्यात खसखस, तीळ, काजू यांचे वाटण आणि नारळाचे दूध मिसळले, वर खड्या मसाल्याची फोडणी दिली, की पांढरा रस्सा होतो. त्याच पाण्यास कांदालसूण मसाल्याची जोड मिळाली की तांबडा रस्सा. पांढऱ्या रश्श्याचे काम नाजूक आहे. नारळाचे दूध घातल्यावर तो खळखळून उकळला तर फुटतो. यामुळे खानावळीची परीक्षा तांबड्यापेक्षा पांढऱ्या रश्श्यावर चांगली होते. तांबड्या रश्श्यात तिखट पुष्कळ दोष झाकते. पांढरा काही लपवू देत नाही. ताटात सुके मटण, रस्से, भाकरी अथवा पोळी आणि भात असतो. रस्सा बहुधा मागेल तितका वाढतात, तुकडे मात्र मोजून. परगावच्या पाहुण्यास हे आधी सांगून ठेवले म्हणजे त्याचा गैरसमज होत नाही. ज्यास तिखट सोसत नाही त्याने अळणी पाणी मागावे. आजारातून उठलेल्यांस आणि मुलांस कोल्हापुरात तेच देतात.

शाकाहारी पाहुण्याची कोल्हापुरात उपासमार होते असा समज आहे, पण तो खरा नाही. झुणका-भाकरी, भरले वांगे, खर्डा, मटकीची उसळ, ताक असे साधे जेवण अनेक घरगुती खानावळींतून मिळते. कागलच्या पुढे हमरस्त्याने निपाणी-संकेश्वराकडे जाणाऱ्यास लिंगायत पद्धतीच्या खानावळी भेटतात. तेथील कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि भरल्या वांग्याची भाजी ही कानडी आणि मराठी अशा दोन्ही मुलखांची आहे. भाताची आवड असणाऱ्याने आजऱ्याचा घनसाळ तांदूळ कोठे शिजतो याची चौकशी करावी. त्या सुवासिक तांदळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र कडक शाकाहारी मनुष्यास खानावळ सांगताना तेथे भटारखाना एकच आहे की निराळा, हे त्यास सांगितले पाहिजे. कांदालसूण वर्ज्य असणाऱ्या जैन पाहुण्यास, आणि हलाल मांसच खाणाऱ्या मुसलमान पाहुण्यासही, जेवण मागविण्यापूर्वी विचारण्याची सूचना द्यावी. असे विचारण्यात खानावळवाल्यास कमीपणा नाही. खरे उत्तर न देण्यात मात्र आहे.

संध्याकाळ मोकळी असणाऱ्यास खासबागेकडे पाठवावे. १९१२ साली शाहू महाराजांच्या काळात बांधून झालेले कुस्त्यांचे मैदान पाहावे आणि नंतर जवळच्या राजाभाऊंच्या भेळेची चव घ्यावी. रंकाळ्याच्या काठीही भेळेच्या गाड्या लागतात. कुस्तीच्या या गावात दुधाचे माहात्म्यही मोठे आहे. गंगावेशीसारख्या ठिकाणी म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळून फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हाती देण्याची चाल आहे. ते पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. परंतु कच्च्या दुधातून क्षय आणि माल्टाज्वर यांसारख्या रोगांचे जंतू शरीरात जाऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राने निश्चित केलेले आहे. मैदानावर घाम गाळणारा पहिलवान काय पितो हा त्याचा प्रश्न. पाहुण्याच्या मुलांस, वृद्धांस आणि गर्भवती स्त्रियांस तापविलेले दूधच सांगावे.

हिवाळ्यात आलेल्या पाहुण्यास गुऱ्हाळ दाखवावे. कोल्हापूरच्या गुळास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालणाऱ्या हंगामात जिल्ह्यातील रस्त्यांवरून जाताना काहिलीत कढणाऱ्या रसाचा वास येतो. तेथे ताजा रस, काकवी व ऊन गूळ यांची चव घेता येते. मात्र गूळ विकत घेताना पिवळाधमक पाहून भुलू नये. तो रंग पुष्कळदा रासायनिक पूड घालून आणलेला असतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढण्याची जुनी पद्धत आहे. तसा केलेला गूळ तपकिरी दिसतो, पण खाण्यास तोच चांगला. पाहुण्यास ही एक गोष्ट सांगितली तरी त्याची फसवणूक टळते.

पुढचा रस्ता कोणता, हे विचारल्यावाचून तर कोणासही जेवण सांगू नये. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने उतरणाऱ्यास वळणावळणांचा रस्ता आहे. त्यास चार वाट्या तांबडा रस्सा पाजून मोटारीत बसविणे हा आतिथ्याचा प्रकार नव्हे. त्याने हलके खावे आणि भडंगाची पुडी बरोबर न्यावी. नरसोबाच्या वाडीस जाणाऱ्याने पोटात थोडी जागा ठेवावी, कारण वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध आहे. रुग्णालयात आलेल्या खेडुतास नामांकित जागेची गरज नाही. त्यास स्वस्त, जवळचे आणि डबा भरून देणारे ठिकाण पाहिजे. त्याच्या रोग्यास कमी तिखटाची आमटी आणि मऊ भात पाहिजे. गावात अशा गोष्टी पुरविणाऱ्या घरगुती खानावळी असतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्या स्त्रिया चालवितात. त्यांच्या दारावर मोठी पाटी नसते. म्हणून तर त्यांचे नाव तोंडाने सांगितले गेले पाहिजे. बड्या हॉटेलांस शिफारशीची गरज नसते. एकट्या बाईने चार चुलींवर चालविलेल्या खानावळीचे पोट मात्र एका माणसाने दुसऱ्यास सांगितलेल्या शब्दावरच चालते.

येथवर चवीचा आणि सोयीचा विचार झाला. परंतु एखादी जागा पाहुण्यास सांगण्यापूर्वी आणखी काही गोष्टी पाहावयास हव्यात, आणि त्यांत स्वच्छता पहिली. अन्नसुरक्षा आणि मानके यांचा कायदा २००६ साली झाला आणि २०११ पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याप्रमाणे खाद्यपदार्थ विकणाऱ्याने आपल्या परवान्याचा अथवा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक गिऱ्हाइकास दिसेल असा लावावयाचा असतो. तो आहे की नाही हे क्षणात कळते. पिण्याचे पाणी झाकलेले आहे काय, हात धुण्याची सोय आहे काय, भांडी वाहत्या पाण्यात धुतात की एकाच घंगाळात बुचकळतात, हे पाहण्यासही फार वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट, भांडी कोण धुतो हीही पाहावी. कपबशा विसळणारे आणि टेबल पुसणारे पोरगे हे एके काळी आपल्या उपाहारगृहांतील नित्याचे दृश्य होते. गिऱ्हाईक त्यास ‘ए बारक्या’ म्हणून हाक मारी आणि त्याच्या शाळेचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. चौदा वर्षांखालील मुलांस ढाबे, हॉटेले आणि उपाहारगृहे यांत कामास ठेवण्यास २००६ च्या ऑक्टोबरपासून बंदी झाली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी जवळजवळ सर्व धंद्यांस लागू झाली. तरीही असे मूल एखाद्या जागी दिसले तर तेथील मिसळ कितीही चविष्ट असो, तिची शिफारस करू नये. चहाचा जो पेला मुलाच्या शाळेच्या मोलाने स्वस्त झाला आहे तो स्वस्त नव्हेच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिचा इतिहास कोल्हापुराशी निगडित आहे. पूर्वी आपल्या देशात प्रवासी शिदोरी घेऊन निघे. दशम्या, चटणी, गूळ बरोबर घ्यावा, मुक्कामी तीन दगडांची चूल मांडावी, आणि आपल्या हाताने शिजवून खावे, अशी रीत होती. धर्मशाळेत जागा मिळे. अन्न मात्र कोणाच्या हातचे घ्यावे याचे कडक नियम होते. परक्याने शिजविलेले अन्न पैसे देऊन खाणे ही कल्पनाच लोकांच्या पचनी पडावयास अनेक वर्षे लागली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका समारंभात लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषांसमोर चहा ठेवला गेला. त्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत कसे गेले, हे इतिहास वाचणारांस ठाऊकच आहे. पुढे चहा घरोघर गेला, उपाहारगृहे उघडली. तरी त्यांच्या पाट्यांवर जातींची नावे होती, आणि अस्पृश्य मानलेल्या मनुष्यास कोणत्याच पाटीखाली जागा नव्हती. त्याने दाराबाहेर उभे राहावे, आपला पेला आपण आणावा, अथवा तहानलेले पुढे जावे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडविली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चे, तर अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी असलेले मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. खेड्यातील मुलास शहरात शिकावयाचे तर आधी त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय झाली पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते. विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा अशा सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम त्यांनी १९१९ साली काढले. परंतु हुकमाने लोकांची मने बदलत नाहीत, हेही त्यांस ठाऊक होते.

त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा एक अस्पृश्य समाजातील नोकर होता. स्पृश्यांच्या पाण्यास शिवल्याच्या आरोपावरून त्यास मारहाण झाली. महाराजांच्या कानी ते गेले तेव्हा त्यांनी अपराध्यांस शासन केलेच. पण तेवढ्यावर न थांबता गंगारामास स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य दिले, आणि त्याने भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण गिऱ्हाईक येईना. पाटीवरचे नाव वाचून लोक पलीकडच्या बाजूने जात. तेव्हा खुद्द महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करू लागले. ते तेथे चहा मागवीत, स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावीत. राजाने घेतलेला पेला दुसऱ्या कोणास नाकारता येईना.

शिफारस कशी करावी याचा हा धडा आहे. महाराजांनी त्या दुकानाविषयी व्याख्यान दिले नाही की लोकांस दोष दिला नाही. ते तेथे गेले आणि चहा प्याले. एखाद्या जागेवर विश्वास ठेवावा असे दुसऱ्यास सांगण्याचा याहून प्रभावी मार्ग नाही.

१९५० च्या जानेवारीत आपले संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. राष्ट्राच्या सर्वश्रेष्ठ कायद्यात उपाहारगृहाच्या दाराचा उल्लेख यावा, यावरूनच तो दरवाजा किती जणांच्या तोंडावर बंद झाला होता हे ध्यानी येते. आज पाट्यांवरील ती भाषा गेली आहे. तथापि पाहुण्याचा पोशाख, त्याची बोली, त्याच्या अंगावरील धूळ पाहून त्यास कोपऱ्यातील मोडके बाक दाखविणारे मालक अजून कोठे कोठे भेटतात, आणि एकट्या आलेल्या स्त्रीकडे टक लावून पाहणारे वाढपीही भेटतात. ज्या जागी खेडूत म्हातारा, एकटी प्रवास करणारी मुलगी आणि मोटारीतून उतरलेला व्यापारी या तिघांपुढे सारख्याच अदबीने पाण्याचा पेला ठेवला जातो, ती जागा सांगण्यास योग्य. चवीचा क्रम त्यानंतर.

तेव्हा श्रोत्यांनी, मग ते कोल्हापूरचे असोत की अन्य कोणत्या गावचे, आपल्यापाशी तीनचार ठिकाणांची यादी मनातल्या मनात तयार ठेवावी. त्यांत एक सकाळच्या न्याहारीचे असावे, एक कुटुंबासह स्वस्थ जेवण्याचे, एक स्वस्त आणि घरगुती, आणि एक पथ्य पाळणाऱ्याच्या सोयीचे. वर्षातून एकदा तरी त्या प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन यावे, कारण मालक बदलतात, आचारी बदलतात आणि पाटी मात्र तीच राहते. नाव कीर्तीस चढले की त्याच नावाची चार दुकाने शेजारीशेजारी उभी राहतात. त्यांतील कोणते, हेही खूण सांगून स्पष्ट करावे. गिऱ्हाईक पोहोचविल्याबद्दल ज्यास दलाली मिळते त्याच्या शिफारशीपेक्षा ज्यास काही मिळावयाचे नाही त्याची शिफारस केव्हाही अधिक मोलाची असते, आणि सामान्य नागरिकाचे महत्त्व यातच आहे.

आणि कोणी विचारलेच, तर नाव सांगण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. किती वेळ आहे? बरोबर कोण आहे? काय चालते, काय चालत नाही? आणि पुढे कोठे जावयाचे आहे? हे विचारण्यास एक मिनिट लागत नाही. त्यावरून जे नाव सुचेल ते सांगावे, रस्ता दाखवावा, आणि शक्य असेल तर त्या वळणापर्यंत चार पावले बरोबर चालावे.